इंदूकाकीचा दहा वर्षांचा तवा

इंदूकाकी दुकानात शिरली की भांडीवाला आधी काउंटरची काच पुसून घ्यायचा. आता निदान पाच-सहा तवे त्या काचेवर हजेरी लावणार, हे त्याला ठाऊक असायचं. काकी तवा काचेवर ठेवायची आणि एका बोटाने त्याची कड दाबायची. मग समोरची कड. मग डावी, मग उजवी. तवा केसभर जरी हलला तरी बाजूला सारायची.

"डुलतोय," म्हणायची. "डुलणारा नवरा चालवून घेतात बायका. तवा कशाला चालवून घ्या?"

"काकी, गॅसवर ठेवलात की बसतो बरोबर."

"मग तुझ्याच गॅसवर बसव त्याला."

या परीक्षेतून सुटलेला तवा मग ती दांड्याला धरून एका हाताने उचलायची आणि मनगट दुखायची वाट बघत उभी राहायची. दुखलं नाही तर तवा नापास. "पत्रा आहे गो हा. वरनं काळा रंग दिलेला पत्रा. चार महिन्यांत याची होडी होईल." मग दांडा हलवून बघायचा. मग तवा उजेडाकडे तिरका धरायचा आणि एक डोळा मिटून, आतला थर सगळीकडे सारखा आहे का ते बघायचं. एवढं झाल्यावर, किंमत विचारायच्या आधी, जिच्यासाठी तवा घ्यायचा त्या बाईकडे वळून ती विचारायची, "घरात कालथा कुठला?"

"स्टीलचा."

"मग बिडाचा तवा घे. याचा जीव कशाला घेतेस?"

हा प्रश्न ती माझ्याकडे बघून कधीच विचारत नसे. पण मी सोबत असले तर माझी नजर आपोआप काचेखालच्या चमच्यांकडे जायची. तिथे बघण्यासारखं काही नसायचं.

परवा माझ्या नातीने पुण्याच्या दुकानातून फोन केला. "आजी, रोजच्या वापराला टिकाऊ नॉनस्टिक कुठला घेऊ? इथे चाळीस प्रकार आहेत." मी तिला काकीच्या सगळ्या परीक्षा ओळीने सांगितल्या. पोरीने भर दुकानात तवे मांडून कडा दाबल्या. "आजी, हा हलतोय गं." "ठेव मग." शेवटी एक पास झाला. "तुला बरंच कळतं गं भांड्यांतलं," असं म्हणून तिने फोन ठेवला. मला काही कळत नव्हतं आणि जे कळलं ते दुसरीचं वाटोळं करून कळलं, हे काही तिला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेची. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा बी.ए. होते आणि अकलेचा भाग सोडला तर माझ्यात काही कमी नव्हतं. मांडवीच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला भिंत लागून इंदूकाकीचं घर. ती तेव्हा चाळिशीला आलेली, सावळी, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारणारी. मूलबाळ नव्हतं. दत्ताकाका, म्हणजे तिचे यजमान, मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षा-दीड वर्षाने दोन महिने घरी यायचे, तेवढाच त्यांचा संसार. बाकी सगळं काकी आणि एक मांजर.

मला भांडी घासायचा भारी अभिमान. आमच्याकडे भांड्यात तोंड दिसलं पाहिजे असा माझ्या आईचा दंडक. मी मागच्या दारी राख, चिंच आणि तारेची घासणी घेऊन बसायचे आणि काकी कुंपणापलीकडून बघायची.

"मालू, त्या पातेल्याने काय केलंय तुझं?"

"स्वच्छ होतंय, काकी."

"स्वच्छ मघाशीच झालं. आता ते बारीक होतंय."

मला वाटायचं, कोकणातल्या बायका घासायला आळशी. असं एकदा आईला पत्रात लिहिलंही होतं. ते पत्र आईने जपून ठेवलं आणि माझ्या पन्नाशीला मला परत दिलं. आई फार दुष्ट होती.

काकीच्या स्वयंपाकघरात माशांना, भाकरीला बिडाचा तवा होता, काळा कुळकुळीत. पण खुंटीवर, जुन्या पातळाच्या शिवलेल्या पिशवीत, नाडीला गाठ मारून, आणखी एक तवा असायचा. तो काकांनी बोटीवरनं आणलेला. आमच्या अख्ख्या आळीत तेव्हा असला तवा दुसरा नव्हता. तिला नॉनस्टिक म्हणता यायचं नाही असं नव्हे, पण ती त्याला 'पाहुणा' म्हणायची. पाहुण्यावर फक्त घावनं व्हायची, तीही रविवारी. मंद आच. नारळाच्या शेंडीने तेलाचा नुसता हात फिरवायचा. उलटायला करवंटीचा कालथा, तिने स्वतः केलेला. करवंटी फोडून, काचेच्या तुकड्याने तासून तासून कड कागदासारखी करायची आणि बांबूची काडी बसवायची. घावन असं सुटायचं की तवा तिरका केला तर आपल्या पायांनी चालत ताटात यावं. मग तवा गार होईपर्यंत त्याला पाणी दाखवायचं नाही. "तापलेल्याला आधी बसू दे. मग बोल त्याच्याशी," म्हणायची. माझं आणि आमच्या ह्यांचं भांडण झालं की भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं.

एकदा मी विचारलं, "एवढं काय जपायचं त्याला? तवाच तर आहे."

"दहा वर्षं जपायचाय," ती म्हणाली. "नऊ झाली."

का दहाच, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याला प्रश्न विचारायची सवय मला फार उशिरा लागली. तेव्हा मी उत्तरं द्यायचे.

त्या वर्षी केळशीला तिची आई आजारी पडली. काकी आठ दिवसांसाठी निघाली आणि किल्ली माझ्या हातात दिली. संध्याकाळी दिवा लाव, तुळशीला पाणी घाल, मांजराला दूध घाल. "घर तुझंच समज. काय लागलं तर घे. फक्त पाहुण्याला हात लावू नको."

चौथ्या दिवशी आमच्या ह्यांचे साहेब सपत्नीक जेवायला येणार असं ठरलं. मी मिरजेची, म्हणजे थालीपीठ आलंच. आणि माझ्या डोक्यात आलं की साहेबांच्या बायकोला काळ्या परदेशी तव्यावरचं, तेलाविना सुटणारं थालीपीठ दाखवावं. तिने विचारावं, "तवा कुठला हो?" आणि मी सहज म्हणावं, "बाहेरचा आहे." एवढ्या एका वाक्यासाठी मी पाहुणा खुंटीवरून उतरवला.

थालीपीठ सुटलं नाही असं नाही. छान सुटत होतं. पण मला धीर नव्हता. मी आच मोठी केली होती, तवा आधी रिकामाच तापत ठेवून बाहेर पानं मांडायला गेले होते, आणि परत येऊन सवयीने स्टीलचा कालथा हातात घेऊन खालून ढोसलं. एकदा नाही, सात थालीपिठांना सात वेळा. कडेला कांदा करपून चिकटला होता, तो कालथ्याच्या टोकाने खरवडला. साहेबांच्या बायकोने तव्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. लोणचं कुणी घातलं एवढंच विचारलं. ते काकीचं होतं.

पाहुणे गेल्यावर तवा धुवायला घेतला. जरा काळपट दिसला म्हणून तारेच्या घासणीने घासला. बी.ए. होते, सांगितलंच. पाणी ओतल्यावर बघते तर मधोमध वाटीएवढ्या जागेत काळं गेलेलं आणि खालचं पांढरं उघडं पडलेलं. त्यावर चरे, मांजराने ओरबाडल्यासारखे.

मी तो पुसला, मध्ये खोबरेल चोळलं, म्हणजे पांढरं जरा काळं दिसेल. पिशवीत घातला, नाडी बांधली, खुंटीला लावला. काकी आल्यावर सांगायचं असं ठरवलं. ती आली तेव्हा दमलेली होती, म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ती हसत होती, म्हटलं कशाला तिचं हसू घालवा. असे मुहूर्त मी बघत बसले.

रविवारी सकाळी तिने नेहमीसारखी घावनं आणून दिली. ताटलीवरचा रुमाल काढला. तीन घावनं होती आणि तिन्ही मधोमध फाटलेली, वाटीएवढी. काकी स्वतःच ताटली देऊन गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "गरम आहेत तोवर खा."

मी खाल्ली. तिन्ही. त्यानंतर तिने त्या तव्यावरची घावनं आमच्याकडे पाठवली नाहीत. बोलणंचालणं मात्र पूर्वीसारखंच. त्यामुळे मी सोयीस्कर समजूत करून घेतली की तिला वाटलं असेल, तवा आपोआप गेला.

चार महिन्यांनी दत्ताकाका आले. बुटके, गोरे, समुद्राने तांबूस झालेले, आणि घरात असेपर्यंत सतत काकीच्या खोड्या काढणारे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी आमसुलं द्यायला गेले तर काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेले.

"या, सुनबाई. बरं झालं आलात. साक्षीदार पाहिजेच होता."

"कशाला?"

"आमची पैज आहे. हा तवा आणला तेव्हा ही मला म्हणाली, पुरे झाली बोट, आता घरी राहा, पावसला जाऊन आंब्याची कलमं घेऊ. मी म्हटलं, असला तवा कुणाकडे दोन वर्षं टिकत नाही. तू दहा वर्षं टिकवलास, एक ओरखडा नाही पडला, तर मी बोट सोडली. बघ म्हटलं तुला घर सांभाळायचं किती आहे ते." ते हसले. "आज दहा झाली. काढ गो इंदू. सुनबाईंसमोर दाखव."

काकी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने खुंटीवरची पिशवी काढली. गाठ सोडायला तिला वेळ लागला. काकांनी तवा घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

आता इथे मला फार काही करायचं नव्हतं. 'हे मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली बाई. मी हातातल्या आमसुलांच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

काकीने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी बस येते का बघावं, तसं बघितलं. जराशी थांबली. मग म्हणाली, "हरले."

"अरे हो की," काका म्हणाले. ते हसत होते, पण मला आता वाटतं, जरा कमी हसत होते. "नऊ वर्षं काढलीस, आणि शेवटी?"

"शेवटी हात घसरला."

"मग आता काय, एक करार आणखी. तो झाला की बघू."

ते गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या खेपेला बोटीवरच छातीत दुखायला लागलं आणि किनारा यायच्या आत संपलं. तार आली तेव्हा काकी अंगणात करवंटी तासत बसली होती. तिने तार वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि हातातलं काम पुरं केलं. कड नीट झाली का ते अंगठ्याने बघितलं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरच ती आळीतल्या बायकांना तवे निवडून द्यायला लागली. कुणी बोलावलं तर जायचीच, न बोलावताही जायची. एकीने रडत सांगितलं की महागातला नॉनस्टिक सहा महिन्यांत गेला. काकी तिच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली आणि नुसती बघत राहिली. त्या बाईने तवा मोठ्या आचेवर ठेवला, तेवढ्यात फोन वाजला, ती बाहेर गेली ती दहा मिनिटांनी आली. काकी उठली. "तवा कुठे गेला? तू गेली होतीस." आणि जाताना करवंटीचा एक कालथा ओट्यावर ठेवून आली. लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला तिचा आहेर तोच. सोबत मऊ फडक्याचा एक तुकडा, तव्यावर दुसरं भांडं ठेवायचं तर मध्ये घालायला.

या सगळ्या फेऱ्यांना मी बरोबर असायचे. पिशवी धरायला. लोक म्हणायचे, सख्ख्या सासू-सुनेचं असं नसतं. मी ऐकून घ्यायचे.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा आम्ही तिघी दुकानात गेलो. काच पुसली गेली, कडा दाबल्या गेल्या, उजेडात तिरकं बघून झालं. काकी माझ्या मुलीकडे वळली. "घरात कालथा कुठला?"

"आईने स्टीलचे चार दिलेत," मुलगी म्हणाली. "आई म्हणते, स्टीलचा कालथा जन्मभर जातो."

काकीने तवा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्या काचेखालच्या चमच्यांकडे बघत बसली. माझ्यासाठी. मला ते सहन झालं नाही. मुलगी कुकर बघायला आत गेली तशी मी काकीला दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं.

"काकी, तो तवा मी..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"केळशीहून आले त्याच दिवशी. पिशवीला कांद्याचा वास येत होता. आणि नाडी. माझी गाठ ह्यांनी शिकवलेली, बोटीवरची. तू वेणीच्या रिबिनीसारखं फूल बांधून ठेवलं होतंस." ती हसली. "एवढी शिकलेली, पण चोरी करता येईना."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगायचं तुला होतं. मी कशी सांगू?"

"निदान काका गेल्यावर तरी मी..."

"तेव्हा सांगितलं असतंस तर तू रडली असतीस, आणि मला तुझी समजूत घालावी लागली असती. माझ्यात नव्हतं गो तेवढं तेव्हा."

रस्त्याने एक टेम्पो गेला.

"हे थट्टेत बोलले होते की खरं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक," ती म्हणाली. "कदाचित तवा कोरा निघाला असता तरी गेले असते. पण त्या दिवशी तू बोलली असतीस ना, की शेजारणीने केलं, इंदूने नाही केलं, तर हे काय म्हणाले असते, एवढं मला ऐकायचं होतं. तेवढं राहिलं."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं अशी. माफ केलं अशी होती की नाही, ते मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. मुलगी कुकर घेऊन आली तशी काकी उठली. "चल. त्या चार कालथ्यांचं काय करायचं ते आईला विचार. तिला सगळं कळतं."

पुढे गुडघे गेले आणि तिचा भाचा तिला केळशीला घेऊन गेला. सुरुवातीला मी वर्षातून दोनदा जायचे, मग एकदा, मग माझेच गुडघे. दोन वर्षांपूर्वीच्या माघात नातीला गाडी चालवायला लावून मी गेले, ती शेवटची. काकी नव्वदीच्या आसपास. हातभर राहिली होती. पडवीत बसून कुणाच्या तरी लग्नासाठी करवंटी तासत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? बस. घावनं घालते."

चुलीशी नाही, भाच्याच्या गॅसशी ती स्टूल घेऊन बसली. पिशवी तीच, तव्याचा दांडा बदललेला, तवा तोच. मधोमध वाटीएवढं पांढरं आता तपकिरी झालेलं.

नात माझ्या कानाशी आली. "आजी, असा खरवडलेला तवा टाकून द्यायचा असतो. सांग ना त्यांना."

"तू सांग," मी म्हटलं. तिनेही सांगितलं नाही.

काकीने तेलाची शेंडी फिरवली. पीठ घेतलं आणि कडेकडेने, गोल, ओतत आली. मधली जागा तशीच ठेवली. कोरडी. पिठाचा एक थेंबही तिथे पडला नाही.

"मध्ये घालत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"तिथे चिकटतं," ती म्हणाली. "म्हणून तिथे घालायचंच नाही. बाकीचं छान सुटतं."

घावन सुटलं. बांगडीसारखं, मध्ये भोक असलेलं. ताटात घालायच्या आधी तिने ते दोन्ही हातांनी कडांना धरून उजेडाकडे उचललं, दुकानात तवा धरायची तसं. जाळी नीट पडली का ते बघत असावी. मग मान जराशी वळवली आणि एक डोळा मिटून, त्या भोकातून, ती माझ्याकडे बघत राहिली.